राज्यशास्त्राच्या अभ्यासांत आंकड्यांचीं साधनें : वऱ्हाडांतील कांहीं उदाहरणें

अमरावतीच्या पश्चिमेस असलेलें भातकुली हें गांव म्हणजेच प्राचीन भोजकट, असें संशोधकांनीं मानलें आहे. रुक्मिणीहरणानंतर पराभूत झालेला रुक्मी कुंडिनपुरास परतला नाहीं, त्यानें येथेंच नवें नगर वसविलें, ही कथा वऱ्हाडांत सर्वांस ठाऊक आहे. 'भोजकट राज्य' हें नांव वाकाटक नृपति द्वितीय प्रवरसेन याच्या चम्मक येथील ताम्रपटांतहि येतें. त्या पटांत चर्मांक नांवाचा गांव दान दिल्याचें नमूद असून त्याचें क्षेत्र राजमानानें ८००० भूमि, आणि दान घेणारे ब्राह्मण १०००, असे आंकडे दिले आहेत. परंतु पुढें जी नामावळी येते तींत अवघीं ४९ नांवें आहेत. हा लेख वाचणारा कोणीहि संशोधक येथें थबकतो. एक 'भूमि' म्हणजे किती जमीन? राजमान म्हणजे कोणतें माप? १००० हा माणसें मोजून काढलेला आंकडा, कीं दानाचा गौरव वाढविणारी गोळाबेरीज? उरलेल्या ९५१ जणांचें काय झालें?

हे प्रश्न विचारण्याची संवय ज्यास लागली, त्यास संख्याशास्त्राचा पहिला पाठ मिळालाच असें म्हणावयास हरकत नाहीं. तथापि ताम्रपटापुढें इतका सावध असणारा विद्यार्थी छापील कोष्टक पुढें येतांच निःशंक होतो, असा आमचा अनुभव आहे. राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत आम्हीं पाहिलेलें संख्याशास्त्र बहुधा सरासरी, मध्यगा व प्रमाण विचलन यांच्या सूत्रांच्या रूपानें येतें. सूत्रें पाठ होतात, परीक्षेंत उतरतात, आणि प्रबंध लिहितांना कोणाच्याच उपयोगीं पडत नाहींत. हा तोटा परीक्षेपुरता राहता तर तक्रार नव्हती. परंतु 'अमुक तालुक्यांत अमुक समाजानें अमुक पक्षास मतें दिलीं' हें वाक्य वर्तमानपत्रांतून पुस्तकांत व पुस्तकांतून प्रबंधांत जातें, आणि आणखी चाळीस वर्षांनीं तेंच इतिहासाचें साधन म्हणून पुढें ठेवलें जातें. एखाद्या समाजाच्या माथीं असें विधान एकदां बसलें म्हणजे तें पुसणें फार कठीण. म्हणून राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांस संख्याशास्त्र व औपचारिक प्रतिमानें कशीं शिकवावीं, हा प्रश्न इतिहाससंशोधकांच्याहि घरचा आहे. हें शिक्षण सूत्रांपासून न आरंभतां साधनांच्या परीक्षेपासून आरंभावें, आणि तीं साधनें होतां होईल तों विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मुलखांतलीं असावीं, असें आमचें मत आहे.

महाराष्ट्रांत मोजून पाहण्याची परंपरा नाहीं असें मुळींच नाहीं. पुण्याची गोखले संस्था १९३० सालीं स्थापन झाली. तिच्या नांवांत अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हीं दोन्हीं होतीं. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखालीं वाई तालुक्याच्या शेतीची आणि पुणें शहराची ज्या पाहण्या झाल्या त्या आजहि नमुनेदार आहेत. परंतु घरोघर जाऊन विचारण्याची ही रीति अर्थशास्त्रानें उचलली, आणि राज्यशास्त्र बराच काळ घटनांचीं कलमें व विचारवंतांचीं मतें यांतच रमलें. तें वळण पुणें विद्यापीठाचे प्रा. व. म. सिरसीकर यांनीं बदललें. १९६२ च्या निवडणुकींत पुणें मतदारसंघांतील मतदारांचा त्यांनीं केलेला अभ्यास १९६५ सालीं ग्रंथरूपानें निघाला, आणि १९६७ च्या निवडणुकीवरील दुसरा ग्रंथ १९७३ सालीं. १९६३ सालीं रजनी कोठारी यांनीं दिल्लीस स्थापिलेल्या संशोधन-केंद्रानेंहि १९६७ पासून देशव्यापी मतदार-पाहणी हातीं घेतली. पुढें तिच्या 'लोकनीति' या शाखेच्या कार्यांत सुहास पळशीकर यांचा मोठा वाटा राहिला. म्हणजे उणीव परंपरेची नाहीं. ती वर्गापर्यंत पोंचविण्याची आहे.

आतां वऱ्हाडच्या कोष्टकांकडे वळूं. या प्रांताची पहिली शिरगणती १८६७ सालीं झाली आणि लोकसंख्या सुमारें २२ लक्ष ३१ हजार भरली. त्यानंतरच्या प्रत्येक खानेसुमारीचे जिल्हावार आंकडे उपलब्ध आहेत. विद्यार्थ्यास 'अमरावती जिल्हा' या मथळ्याखालचे आंकडे एकाखालीं एक मांडावयास सांगावें. १९०१ सालीं जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें ६ लक्ष ३० हजार होती, आणि ती आधींच्या दहा वर्षांपेक्षां घटलेली होती. १८९६-९७ व १८९९-१९०० हे दोन दुष्काळ मध्यें पडले होते. पुढच्या ग्रंथांत पाहावें तों त्याच १९०१ सालाकरितां ८ लक्ष ९ हजार असा आंकडा! चतुर विद्यार्थी एक आंकडा चुकीचा मानून खोडूं लागतो. वस्तुतः दोन्ही बरोबर आहेत. १९०५ सालीं वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार करण्यांत आले आणि एलिचपूर जिल्हा अमरावतींत विलीन झाला. नंतरच्या ग्रंथकारांनीं १९०१ चा आंकडा नव्या हद्दीप्रमाणें दिला आहे. हें ज्यास ठाऊक नाहीं तो १९०१ चा जुना आंकडा व १९११ चा नवा आंकडा शेजारीं ठेवून दुष्काळानंतरच्या भरभराटीवर एक प्रकरण लिहून काढील. नांव तेंच राहून वस्तु बदलते, ही गोष्ट एका सूत्रानेंहि शिकवितां येत नाहीं. ती अशा एका फजितीनें मात्र कायमची लक्षांत राहते.

निवडणुकीच्या कोष्टकांतहि असे खड्डे आहेत. १९५२ व १९५७ च्या निवडणुकांत कांहीं मतदारसंघ द्विसदस्य होते. तेथें प्रत्येक मतदारास दोन मतें असत, मात्र दोन्ही एकाच उमेदवारास देतां येत नसत. अशा मतदारसंघांतील मतांची बेरीज मतदारांच्या संख्येनें भागली तर लोकांनीं शंभरांहून अधिक टक्के उत्साह दाखविला असें निघूं शकतें. १९६१ सालीं ही पद्धति बंद झाली. तेव्हां १९५७ व १९६२ यांची तुलना करणाऱ्यानें प्रथम हा हिशेब मिटवावयास हवा.

नमुना म्हणजे काय, हें शिकवितांना सर्व पुस्तकें रंगीत चेंडूंची पिशवी पुढें करतात. वऱ्हाडांत याहून चांगलें साधन शेतांत उभें आहे. पिकाची आणेवारी, आणि पुढें पैसेवारी, कशी ठरते हें येथील प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलास ठाऊक असतें. पन्नास पैशांच्या वर कीं खालीं यावर दीर्घकाळ सारा-माफी व सवलती अवलंबून असत. जुन्या रीतीनें ही आणेवारी नजरअंदाजानें ठरे. पाहणाऱ्याच्या मनांत 'सामान्य पीक' म्हणून जें चित्र असे तेंच माप, आणि तें मनुष्यागणिक वेगळें. १९४० नंतरच्या वर्षांत सुखात्मे, पानसे, कळमकर प्रभृति संख्याशास्त्रज्ञांनीं पीक-कापणीचे प्रयोग यदृच्छ नमुन्यावर उभारले, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडांत कापसाच्या उत्पन्नाची मोजणी या रीतीनें झाली. रीति अशी : तालुक्यांतून चिठ्ठ्या टाकाव्या तशीं गांवें निवडावयाचीं, गांवांतून शेतें, शेतांतून ठराविक मापाचा एक तुकडा, आणि त्या तुकड्यांतील पीक प्रत्यक्ष वजन करावयाचें. कोणाच्या आवडीनिवडीस वाव नाहीं. रस्त्याकाठचें चांगलें शेत घ्यावें असा मोह झाला तरी चिठ्ठी तें घेऊं देत नाहीं.

हीच रीति मतदारास लावली म्हणजे मतदार-पाहणी होते. मतदान केंद्रें, मग यादींतील क्रमांक, मग घर. येथें दोन गोष्टी विद्यार्थ्याच्या मनावर ठसवाव्या. पहिली ही कीं, अंदाजांतील चूक नमुना एकंदरीच्या कितवा हिस्सा आहे यावर फारशी अवलंबून नसून नमुना किती मोठा यावर असते, आणि तीहि वर्गमुळाच्या प्रमाणांत घटते. ४०० मतदार यदृच्छ निवडले आणि मतें निम्मीं-निम्मीं असलीं तर अंदाज वीसांपैकीं सुमारें एकोणीस वेळां पांच टक्क्यांच्या आंत खरा ठरेल. ही चूक अडीच टक्क्यांवर आणावयाची तर ८०० नव्हे, १६०० मतदार हवेत. दुसरी गोष्ट अधिक व्यावहारिक आहे. चार गांवांतून शंभर-शंभर माणसें घेणें आणि चाळीस गांवांतून दहा-दहा घेणें, यांत बेरीज एकच असली तरी मोल एक नाहीं. एका गांवचीं माणसें एकाच विहिरीचें पाणी पितात, एकाच पाटलाचें ऐकतात किंवा सारीं मिळून त्याच्या विरुद्ध जातात. त्यांतील शंभरावा मनुष्य नव्वदाव्याहून नवें असें फारसें सांगत नाहीं. प्रबंधासाठीं चार ओळखीच्या गांवांत प्रश्नावल्या वांटून येणाऱ्या विद्यार्थ्यास हें कोणी आधीं सांगत नाहीं, आणि मग परीक्षक सांगतो.

आतां ज्या वाक्याचा उल्लेख आरंभीं केला त्याकडे येतों. मतपत्रिका गुप्त असते. ती टाकणाराची जात तीवर लिहिलेली नसते. मग समाजवार मतें समजतात कशीं? मतदान यंत्रें आल्यापासून केंद्रवार मतें 'नमुना २०' या तक्त्यांत मिळतात. मतपत्रिकांच्या काळीं निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वीं मिसळण्याची रीति बराच काळ असल्यामुळें तीहि सोय नव्हती. अभ्यासक केंद्रवार मतें घेतो, त्या वस्तीचा समाजवार अंदाज घेतो आणि दोहोंची सांगड घालतो. सर्व जातींचे आंकडे खानेसुमारींत १९३१ नंतर छापले गेले नसल्यामुळें हा अंदाजहि पुष्कळदां आडनांवांवरून केलेला असतो. पण तो अचूक आहे असें क्षणभर धरूं. एका केंद्रावर १००० मतें पडलीं. त्यांतील ६०० एका समाजाचीं. विजयी उमेदवारास ५५० मिळालीं. 'समाजाचीं मतें ६००, उमेदवारास ५५०, म्हणजे समाज त्याच्या मागें उभा राहिला', असा निष्कर्ष ताबडतोब निघतो. हिशेब करूं. उरलेल्या ४०० जणांनीं सर्व मतें त्यासच दिलीं असलीं, तर या समाजाचीं त्यास अवघीं १५० मतें मिळालीं, म्हणजे शेंकडा २५. उलट बाहेरचें एकहि मत मिळालें नसेल, तर समाजाचीं ५५०, म्हणजे शेंकडा ९२. तक्ता एवढेंच सांगतो कीं सत्य २५ व ९२ यांच्यामध्यें कोठेंतरी आहे. इतकी रुंद फट असतां त्यावर ठाम वाक्य लिहिणें म्हणजे ४९ नांवांवरून १००० ब्राह्मणांचीं गोत्रें सांगणें होय.

त्याच उमेदवारास दुसऱ्या केंद्रावर ५५० मतें पडलीं असून तेथें त्या समाजाचीं मतें १००० पैकीं ९०० असलीं, तर फट ५० पासून ६१ पर्यंत आवळते. म्हणून अभ्यासक एकजिनसी वस्त्यांचीं केंद्रें शोधतात. तींत लबाडी नाहीं, पण एक धोका आहे : ज्या वस्तींत एकच समाज राहतो तेथील माणूस, आणि मिश्र वस्तींत शेजाऱ्यांत राहणारा त्याच समाजाचा माणूस, यांचें राजकारण एकच असेल असें कशावरून? अमेरिकन अभ्यासक रॉबिन्सन यानें १९५० सालीं हाच दोष एका नामांकित लेखांत दाखविला. ज्या संस्थानांत परदेशांत जन्मलेले लोक अधिक, तेथें साक्षरता अधिक आढळे. परंतु परदेशांत जन्मलेला मनुष्य मात्र सरासरीनें कमी साक्षर होता. तो जाऊन राहिला होता तेथले मूळचे लोक अधिक शिकलेले, एवढाच त्याचा अर्थ. प्रदेशाचा गुण व्यक्तीस चिकटविण्याची ही चूक आहे. तिच्यावर पुढें पुष्कळ गणिती उपाय निघाले. ते शिकवावे, परंतु वरील फटीचा हिशेब हातानें केल्याशिवाय ते विद्यार्थ्याच्या हातीं देऊं नयेत.

जातां जातां एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १९३५ च्या कायद्याखालीं १९३७ सालीं ज्या निवडणुका झाल्या त्यांत मुसलमानांचे मतदारसंघ विभक्त होते. विभक्त मतदारसंघांचें राजकीय फळ कडू आलें हें खरें. परंतु संशोधकाच्या दृष्टीनें त्या जागांचे निकाल हे एका समाजाच्या मतांचे साक्षात् आंकडे आहेत, तेथें अनुमान करावें लागत नाहीं. मताधिकार मालमत्ता व शिक्षण यांनीं मर्यादित होता, तेव्हां तो समाजांतील वरचा थर होता एवढें मात्र विसरूं नये.

कार्यकारणाचा प्रश्न याहून अवघड. स्त्रियांसाठीं जागा राखून ठेवल्यानें, राखीवपण उठल्यावरहि स्त्रिया निवडून येतात काय? राखीव नसलेल्या प्रभागाशीं नुसती तुलना करून भागत नाहीं. मुळांतच जेथें स्त्रियांस अनुकूलता होती तेथें त्या अधिक निवडून आल्या असतील. परंतु मुंबई महानगरपालिकेंत स्त्रियांसाठीं प्रभाग सोडतीनें ठरत असत. चिठ्ठी कोणत्याहि प्रभागाचा स्वभाव पाहून निघत नाहीं. म्हणून १९९७ सालीं राखीव असलेले व नसलेले प्रभाग, जे २००२ सालीं खुले होते, त्यांची तुलना निर्मळ ठरते. रिखिल भावनानी यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत असें दाखविलें कीं, पूर्वीं राखीव असलेल्या प्रभागांत स्त्री निवडून येण्याचा संभव इतरांच्या सुमारें पांचपट होता. शेतांतील चिठ्ठीनें पिकाचा अंदाज प्रामाणिक झाला. येथें सरकारी सोडतीनेंच तुलना प्रामाणिक करून ठेवली. ज्या आरक्षणाचा आधार लोकसंख्येचें प्रमाण असतो त्यास मात्र हा न्याय लागूं नाहीं, कारण तेथें जागा चिठ्ठीनें नव्हे, वस्तीच्या रचनेनें ठरते. 'जागा राखीव कशी ठरली?' हा प्रश्न विद्यार्थ्यानें प्रथम विचारावा.

औपचारिक प्रतिमान हा शब्द ऐकून पुष्कळ अध्यापक बिचकतात, आणि आमच्यांतील कांहीं मंडळी 'इतिहास बीजगणितांत मावत नाहीं' असें म्हणून विषय संपवितात. प्रतिमान म्हणजे इतिहास नव्हेच. कांहीं गोष्टी गृहीत धरल्या तर पुढें काय अवश्य घडलें पाहिजे, याचा तो स्पष्ट हिशेब आहे. उदाहरणार्थ, भातकुली तालुक्यांतीलच काय, कोणत्याहि तालुक्यांतील नऊ सदस्यांची ग्रामपंचायत कल्पावी. सरपंचपदास अ, ब, क असे तीन इच्छुक. चार सदस्यांच्या गटास अ हवा, तो नसेल तर ब, आणि शेवटीं क. तिघांच्या गटास ब, मग क, मग अ. दोघांच्या गटास क, मग अ, मग ब. आतां दोघां-दोघांची तुलना करावी. अ विरुद्ध ब : सहा मतें अ कडे. ब विरुद्ध क : सात मतें ब कडे. क विरुद्ध अ : पांच मतें क कडे. म्हणजे कोणीहि सरपंच झाला तरी त्याच्याऐवजीं दुसरा हवा असणारें बहुमत सभागृहांत आहेच. फ्रेंच पंडित काँदोर्से यास ही गांठ १७८५ सालीं दिसली होती. केनेथ ॲरो यानें १९५१ सालीं तिचा व्यापक सिद्धांत मांडला. गांवांत मात्र असें झालें म्हणजे 'सदस्य विकले गेले' हेंच एक कारण सांगतात. तें कधीं खरेंहि असेल. परंतु कोणीहि न विकला जातां हें घडूं शकतें, हें प्रतिमानानें कळतें.

पुढें कायदा आणावा. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३५ अन्वयें सदस्यांनीं निवडलेल्या सरपंचावरील अविश्वासाचा ठराव दोन-तृतीयांश सदस्यांनीं संमत व्हावा लागे. स्त्रियांसाठीं राखीव पदाकरितां तीन-चतुर्थांशांची अट आली. नऊ सदस्यांत दोन-तृतीयांश म्हणजे सहा. अ यास हटवून क आणण्यास पांचच मतें आहेत. तेव्हां अ एकदां बसला कीं हलत नाहीं. ब व क मात्र हटविले जाऊं शकतात. तीन-चतुर्थांश म्हणजे सात मतें लागूं लागलीं कीं ब हि स्थिर होतो, कारण त्याच्या विरुद्ध सहाच आहेत. माणसें तींच, त्यांच्या आवडीनिवडी त्याच. केवळ एका अपूर्णांकानें सरपंचाचें आयुष्य बदललें. विद्यार्थ्यानें हें कागदावर स्वतः करून पाहावें. पांच मिनिटांचें काम आहे, आणि कलम ३५ त्यानंतर तो निराळ्या डोळ्यांनीं वाचतो.

आतां थेट निवडणूक. गावकऱ्यांचीं मतें याच चार-तीन-दोन प्रमाणांत असलीं आणि प्रत्येकानें आपल्या पहिल्या आवडीस मत दिलें, तर अ निवडून येतो. वस्तुतः नवांतील पांच हिस्से लोकांस त्याच्यापेक्षां क बरा वाटतो. ब चे लोक हें ओळखून 'मत वाया जाऊं नये' म्हणून क कडे वळले तर क विजयी होतो. म्हणजे थेट निवडणुकींत लढत दोघांवर येण्याचा कल असावा, असें भाकीत निघतें. हें पडताळून पाहण्यास महाराष्ट्रानें संधि दिली आहे. थेट सरपंचाची पद्धति २०१७ सालीं आली, २०२० सालीं रद्द झाली, २०२२ सालीं पुन्हां आली. कोणत्या गांवास कोणती पद्धति मिळाली हें बव्हंशीं त्याच्या पंचायतीची मुदत कधीं संपली यावर ठरलें, गांवाच्या इच्छेवर नव्हे; जानेवारी २०२१ मध्यें ज्यांच्या निवडणुका झाल्या त्यांचे सरपंच सदस्यांनीं निवडले. यासाठीं लागणारे कागद तालुक्याच्या ठिकाणींच असतात. मात्र उमेदवारांची गणना अर्ज मागें घेण्याची मुदत संपल्यानंतरच्या यादीवरून करावी, दाखल अर्जांच्या यादीवरून नव्हे. कारण तींत लोक ज्यांस 'डमी' म्हणतात त्यांचीहि नांवें असतात.